जुळत नाही

संज्योत भालेकरची डावी किडनी तिच्या आईच्या शरीरात जेमतेम पाच वर्षं जगली. मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा संज्योत चोवीस वर्षांची होती आणि पुण्यात पेशीजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आईला बरं वाटू लागलं, ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली. मग हळूहळू तिच्या रक्तातल्या सैनिक पेशींनी लेकीची किडनी परकी म्हणून ओळखली. औषधांनी त्यांना दाबून धरलं, जमलं तेवढे दिवस. आई गेल्यावर संज्योतनं पीएच.डी.चा विषय बदलला. कॅन्सरच्या पेशी सोडून ती रोगप्रतिकारशक्तीकडे वळली. जिनं आपल्याला नऊ महिने पोटात वागवलं, तिच्याच शरीराला आपला एक तुकडा परका का वाटावा, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

पुढची पंचवीस वर्षं ती त्या एका प्रश्नापाशीच राहिली.

छातीच्या हाडामागं थायमस नावाची एक मऊ, लहानशी ग्रंथी असते. ती म्हणजे सैनिक पेशींची शाळा. बालपणी या शाळेत प्रत्येक सैनिकाला शिकवलं जातं की हे आपलं, याला हात लावायचा नाही. बाकी सगळं परकं. ज्याला हे शिकता येत नाही त्याला तिथंच मारून टाकतात. वय वाढतं तशी शाळा ओस पडत जाते, ग्रंथीची नुसती चरबी उरते, आणि एकदा शिकलेला धडा जन्मभर बदलत नाही. म्हणून दुसऱ्याचा अवयव बसवला की शरीर लढाईला उभं राहतं.

संज्योतनं ही शाळा पुन्हा उघडली. रुग्णाच्याच पेशींपासून तिनं प्रयोगशाळेत वाटाण्याएवढा थायमस वाढवला आणि तो वाढतानाच त्यात दात्याच्या थोड्या पेशी मिसळल्या. हा वाटाणा रुग्णाच्या दंडात, कातडीखाली बसवायचा. तिथं शिकून बाहेर पडणारे नवे सैनिक दात्याला घरचाच माणूस समजत. त्यांतले काही तर शांतिदूत बनून जुन्या सैनिकांनाही गप्प करत. दीड-दोन महिन्यांनी रुग्णाच्या आणि दात्याच्या पेशी एका काचेच्या ताटलीत शेजारी ठेवून बघायच्या. दोन्ही जिवंत राहिल्या, की ऑपरेशनला हरकत नाही. रक्तगटाची अडचण तोवर दुसऱ्या कुणीतरी सोडवलेली होतीच. म्हणजे आता कुणाचाही अवयव कुणालाही चालणार होता, आणि जन्मभराच्या औषधांशिवाय.

प्रयोगशाळेतल्या कुणीतरी गमतीनं या उपचाराला ‘सोयरीक’ म्हटलं. तेच नाव पुढं सरकारी कागदांवरही चढलं.

पहिला रुग्ण लातूरचा एक शिक्षक होता. त्याला त्याच्या मेव्हण्यानं किडनी दिली. दोघांचं रक्ताचं काही नातं नव्हतं. वर्षभरानं तो शिक्षक सहकुटुंब पेढे घेऊन पुण्याला आला, तेव्हा संज्योत स्वच्छतागृहात जाऊन रडून आली. मग शेकडो झाले, मग हजारो. काचेच्या ताटलीतली चाचणी एकदाही नापास झाली नाही.

*

मिरजेत तिचा सत्कार झाला. डॉ. इक्बाल मुजावर तिथं मूत्रपिंडाचे सर्वांत जुने डॉक्टर. संज्योतच्या आईच्या वेळी ते शिकाऊ होते आणि आईच्या उशाशी बसून राहायचे, म्हणून ती त्यांना मानत असे. समारंभ संपल्यावर ते तिला आपल्या खोलीत घेऊन गेले. चहा आला.

“ताई, एक सांगू? राग मानू नका,” ते म्हणाले. “तुम्ही माझं एक वाक्य काढून घेतलंत.”

“कुठलं?”

“‘जुळत नाही.’”

संज्योत हसली. त्यांना मात्र हसू आलं नाही.

“दर महिन्याला दोन-तीन माणसं यायची अशी,” ते सांगू लागले. “सगळ्या घरादारासमोर ‘मी देणार’ म्हणून सांगितलेली. मी एकेकाला एकटं आत बोलवायचो. दार लावलं की कुणी मान खाली घालायचं, कुणी थरथरायला लागायचं. सुना असायच्या, धाकटे भाऊ असायचे. बायका तर खूपच. नाही म्हणायची सोय नसायची त्यांना. मी बाहेर येऊन सांगायचो, तपासणी केली, जुळत नाही. संपलं. कुणी कुणाला दोष द्यायचं नाही. सून घरी जाऊन सासऱ्याला औषध द्यायची, सासू तिच्या हातचं जेवायची. आता मी काय सांगू? आता सगळ्यांचं सगळ्यांशी जुळतं.”

“संमती घेता ना तुम्ही? कायदा आहे.”

“घेतो की. कॅमेऱ्यासमोर घेतो. सगळे हो म्हणतात.”

“मग तब्येतीचं कारण सांगा.”

“सांगून बघितलं. घरचे दुसरीकडे तपासून आणतात. लोक शहाणे झालेत, ताई. न देण्याचं आता एकच कारण उरलंय, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.” त्यांनी कप खाली ठेवला. “पूर्वी मेलेल्या माणसांच्या किडन्या तरी यायच्या. आता ते दान मागायलाच कुणी जात नाही. हॉस्पिटलचा पहिला प्रश्न एकच असतो, घरात कोण कोण आहे?”

संज्योतला वाईट वाटलं, पण थोडा रागही आला. एवढ्या माणसांचे जीव वाचताहेत आणि हे म्हातारे डॉक्टर एका वाक्यासाठी हळहळतात. परतीच्या प्रवासात तिनं तो विषय मनातून काढून टाकला.

*

दोन वर्षांनी तिच्या मोठ्या भावाच्या, दिगंबरच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दुखणं आईकडूनच आलं होतं.

दिगंबर सांगलीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. बहिणीचा प्रत्येक शोधनिबंध तो पेन्सिल हातात घेऊन वाचायचा आणि फोनवर शंका विचारायचा. त्याची बायको कांचन, मुलगा अजिंक्य, सून गौरी आणि तो, असं चौघांचं कुटुंब विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये राहत होतं. संज्योत गेली तेव्हा सगळे बैठकीत जमले होते. घरी डायलिसिसचं मशीन आलं होतं, त्याची बारीक घरघर आतल्या खोलीतून ऐकू येत होती.

“माझी तर साखर,” कांचनवहिनी म्हणाल्या. “मला कुणी हात लावणार नाही. तुमची आधीच एक गेलेली.”

“अजिंक्य आहे,” संज्योत म्हणाली.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. “त्याची फिरतीची नोकरी. उद्या त्याला काही झालं तर घर कुणी चालवायचं? गौरी म्हणाली, मी देते. तिनं आपणहून सांगितलं हो. आम्ही एका शब्दानं बोललो नाही.”

गौरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ती हळदीच्या बाजारपेठेतल्या एका प्रयोगशाळेत हळदीची प्रत तपासायची. तिच्या नखांच्या कडा कायम पिवळ्या असत. तिनं मान हलवली.

“गौरी, खरंच?” संज्योतनं विचारलं.

“हो, आत्या.”

अजिंक्य मोबाईलकडे बघत होता. दिगंबर खिडकीबाहेर बघत होता. तो एवढंच म्हणाला, “मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.”

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. पण नकोही म्हणाला नव्हता.

*

पेशी द्यायला गौरी एकटीच पुण्याला आली. संज्योतनं तिला स्वतःच्या खोलीत बसवलं, रक्त काढायला माणूस बोलावला. गौरीनं बाही वर केली आणि म्हणाली, “त्यांना जरा बाहेर थांबायला सांगता?”

दार लागलं. गौरी रडली नाही. तिनं बोलायचं सगळं ठरवून आणलं होतं.

“आत्या, मला नाही द्यायची. तुम्ही सांगा ना घरी, की माझं जुळत नाही.”

संज्योतनं पेन खाली ठेवलं. “भीती वाटते का? ऑपरेशन आता फार सोपं झालंय गं. मी स्वतः...”

“माहीत आहे. तुम्ही तुमच्या आईंना दिलीत.”

“मग मूल हवंय म्हणून?”

“आत्या, कारण विचारू नका. कारण सांगितलं की लोक ते खोडून काढतात. भीती वाटते म्हटलं की डॉक्टर समजावतात. मूल हवंय म्हटलं की किडनी दिलेल्या बायकांची बाळं दाखवतात. माझं शरीर आहे आणि मला द्यायची नाही, एवढं पुरत नाही का?”

“पुरतं,” संज्योत म्हणाली. “पुरायला हवं. मी दादाशी बोलते. स्पष्ट सांगते.”

गौरी ताडकन उठली. “नको! तुम्ही खरं सांगितलंत तर मी त्या घरात राहू कशी? बाबा रोज मशीनवर, आणि मी रोज त्यांना ताट वाढणार. आईंच्या नजरेसमोर. ते गेले, तर मग? अजिंक्य मला नांदवेल? मी माहेरी गेले तर तिथं काय सांगू? त्यापेक्षा कापा मला. देते मी.”

ती पुन्हा बसली आणि तिनं दंड पुढं केला. तो हात संज्योतला बघवेना. तिनं रक्त घ्यायला लावलं, गौरीला गाडीत बसवून दिलं आणि त्याच दिवशी अजिंक्यला फोन केला.

“तू दे ना रे. तुझा बाप आहे. तू धडधाकट आहेस, ते दुखणं तुझ्यात उतरलेलं नाही.”

“आत्या, आई ऐकत नाही. आणि गौरीनं कॅमेऱ्यासमोर हो म्हटलंय. आता परत कशाला तो विषय?”

दिगंबरला फोन केला तर तो म्हणाला, “तुम्ही सगळे मिळून ठरवा. मला यात ओढू नका, संजू. मला फार लाज वाटते.”

दोन महिने दिगंबरच्या दंडातल्या वाटाण्यात त्याचे नवे सैनिक गौरीच्या पेशींना आपलं मानायला शिकत राहिले. चाचणीच्या दिवशी संज्योतनं ताटली स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सुनेच्या पेशी हिरव्या, सासऱ्याच्या लाल. दोन्ही शांत, जिवंत, एकमेकींना खेटून. एवढी देखणी सोयरीक तिनं क्वचितच पाहिली होती.

तिनं ताटली निर्जंतुक करायच्या भांड्यात टाकली आणि सांगलीला फोन लावला.

“वहिनी, गौरीचं जुळत नाही.”

“असं कसं? तुम्ही तर म्हणता सगळ्यांचं जुळतं!”

“आजवर जुळत होतं. दादाचे सैनिक हिच्या पेशींना आपलं मानायला शिकतच नाहीत. असा माणूस पहिल्यांदाच सापडला.”

 मग वहिनींचा आवाज आला, दमलेला, पण निवळलेला. “बिचारी. एवढी तयार होती पोर. रडत बसलीय आत.”

संज्योतनं आयुष्यात एकही आकडा वाकवला नव्हता. एका निबंधातली चूक स्वतःच्या लक्षात आली तेव्हा तिनं तो निबंध मागं घेतला होता. त्यापायी तिची बढती लांबली होती. तिला वाटलं होतं की फोन ठेवल्यावर अपराधी वाटेल. वाटलं ते वेगळंच. भूक लागली तिला. ती कँटीनमध्ये जाऊन पोटभर जेवली.

*

मग अजिंक्यला यावंच लागलं.

गौरी बसली होती त्याच खुर्चीत तो बसला. भाच्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. 

“गौरीचं खरं नव्हतं ना?” त्यानं विचारलं.

“काय बोलतोस?”

“तिनं काही सांगितलं नाही. मीच ओळखलं. त्या दिवशी तुमचा फोन आल्यावर ती रडली ना, तेव्हाच.” त्यानं हात जोडले. “आत्या, माझंही तसंच सांगा.”

संज्योत उभी राहिली. “अजिंक्य! बाप आहे तो तुझा. त्याच्या हृदयाची ताकद आधीच कमी झालीय, मशीनवर फार दिवस काढणार नाही तो. तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे आता?”

“माहीत आहे.”

“माहीत असून?”

“तुम्ही गौरीला विचारलंत का, तुझा सासरा आहे तो, म्हणून?”

ती पुन्हा खुर्चीत बसली. अजिंक्य खाली बघून म्हणाला, “माझं बाबांवर प्रेम आहे. त्यांच्यासाठी मी घर विकेन, नोकरी सोडून त्यांच्याजवळ बसेन. पण हे नाही होत माझ्याच्यानं. का, ते मलाही कळत नाही. तुम्ही रक्त काढायला सांगितलंत तर मी हात पुढं करीन. मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

तिनं त्याला काहीच वचन दिलं नाही. रक्त घेतलं, परत पाठवलं. पुढचे दोन महिने ती प्रयोगशाळेत नीट बोलत नव्हती. हा तिचा सख्खा भाऊ होता. आई गेल्यावर ज्यानं आपल्या पगारातून तिला परदेशी शिकायला पाठवलं तो भाऊ. नव्या वाटाण्यात दादाचे सैनिक अजिंक्यच्या पेशींना आपलं मानायला उत्तम शिकत होते. एक वाक्य खरं बोललं की दादा वाचला असता.

पण राहून राहून तिला स्वतःचं चोविसावं वर्ष आठवत होतं. ‘आमच्या संजूनं आपणहून दिली,’ असं वडील सगळ्यांना सांगत. ते खोटं नव्हतं. पण तिला हेही आठवत होतं की एका शनिवारी ती पुण्याहून घरी आली, तेव्हा वडिलांनी मिरजेला न्यायची बॅग भरून दारात ठेवली होती. तिच्या कपड्यांसकट. मग तिनं हो म्हटलं. बॅग नसती तर काय म्हटलं असतं, हे तिला पन्नाशी उलटून गेल्यावरही नक्की सांगता आलं नसतं. आणि तिला एकटीला आत बोलावून कुणी विचारलंही नव्हतं.

गौरीला जे दिलं ते अजिंक्यला द्यायचं नसेल, तर गौरीला दिलं ती केवळ मेहेरबानी होती.

तिनं सांगलीला फोन लावला. वहिनींनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं नाही. मध्येच त्यांचा हंबरडा ऐकू आला.

*

दिवाळीनंतर ती दिगंबरला भेटायला गेली. तो खूप वाळला होता. मशीन चालू होतं, दोन नळ्यांतून त्याचं रक्त जात-येत होतं. वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. त्यानं तिला पलंगाजवळ बसायची खूण केली.

“एक शंका आहे,” तो म्हणाला, अगदी फोनवर विचारायचा तसा. “हजारोंत एकही अपवाद नाही. मग एका घरात दोन. आणि दोघांचं रक्ताचं नातं नाही. याची शक्यता किती, काढलीस?”

संज्योतनं त्याचं पांघरूण सारखं केलं.

“मी काढली. काही अर्थ नाही त्या आकड्याला.” त्यानं डोळे मिटले. “दोघांनी नाही म्हटलं, की एकानं?”

“दादा...”

“सांग. मी मास्तर माणूस आहे. चुकीचं उत्तर घेऊन नाही जाववणार मला.”

“दोघांनी.”

मशीनची घरघर चालू होती. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि उशीत जिरलं.

“गौरीचं काही नाही,” तो म्हणाला. “ती परवा आलेली मुलगी. मीच तेव्हा नको म्हणायला हवं होतं. अजिंक्यनं कारण काय सांगितलं?”

“मी विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतंस.” मग उशीवर मान वळवून म्हणाला, “नाही. बरं केलंस. कांचनला कळू देऊ नकोस. ती त्याच्या हातचं पाणी पिणार नाही.”

“दादा, तुला माझा राग येत नाही?”

“येतो की,” दिगंबर म्हणाला. “खूप येतो. पण तो मी मेल्यावर कुणाच्या उपयोगाचा नाही.”

थंडीत, मशीनवर असतानाच, त्याचं हृदय थांबलं. अजिंक्यनं अग्नी दिला. तो इतका रडला की चार माणसांनी त्याला धरून ठेवलं, आणि आलेले लोक म्हणाले, बापावर किती माया होती पोराची; नशीबच आडवं आलं.

*

‘सोयरीक न धरणारी माणसं असतात,’ ही बातमी सांगलीतून बाहेर पडली. भालेकर बाईंच्या घरातच दोन निघाली म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. सहा महिन्यांत मिरजेहून तसा एक अहवाल आला, मग कोल्हापूरहून, मग नागपूर, इंदूर, हुबळी. चाचण्या आता गावोगावी होत होत्या. प्रत्येक ठिकाणी एखादा वयस्कर डॉक्टर होता, ज्याला आपलं जुनं वाक्य परत हवं होतं. संज्योतला ते न सांगता कळत होतं. अधिवेशनांत ते भेटत, तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवत, आणि काही बोलत नसत. परदेशातल्या एका मोठ्या पुरस्कारासाठी तिचं नाव चर्चेत होतं. उपचार अपुरा आहे असं ठरून ते मागं पडलं. तिनं त्याची खंत केली नाही. एका सुनेच्या पाठीमागं आता शेकडो सुना उभ्या आहेत, असं ती मनाशी म्हणायची. दादाचा चेहरा डोळ्यांपुढं आला की हेच वाक्य ती पुन्हा म्हणायची.

मग बिरुदेव कोळेकर आला.

आटपाडीहून आलेला तिशीतला उंच माणूस. डाळिंबाची पिकअप गाडी चालवायचा. तो वेळ ठरवून आला नव्हता. सकाळपासून संस्थेच्या फाटकाशी बसून होता. दुपारी संज्योतनं त्याला आत बोलावलं.

“मॅडम, मला फक्त एवढंच इचारायचंय,” तो म्हणाला, “माझ्यात काय खोट हाय?”

त्याचा थोरला भाऊ मायाप्पा महिन्यापूर्वी गेला होता. किडनी बिरुदेवच देणार होता. मिरजेला तपासणी झाली, आणि जुळत नाही म्हणून सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं.

“आई माझ्याशी बोलत न्हाई असं न्हाई. बोलते. पर माझ्याकडं बघत न्हाई. म्या लहानपणी लई आजारी असायचो, त्यातलंच काही रक्तात ऱ्हायलं का? मला दोन पोरी हैत. त्यांच्यातबी आलं असंल का हे? काय असंल ते सांगा. म्या भ्यायचो न्हाई.”

संज्योतनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत तिला ती मान खाली घालणं, ती थरथर ओळखता येऊ लागली होती. इथं तसलं काही नव्हतं.

“तपासणीच्या आधी तुम्हाला एकट्याला आत बोलावलं होतं का डॉक्टरांनी?”

“न्हाई. मला कशाला बोलवतील? म्या तर तयारच हुतो.”

तिनं त्याला चहा द्यायला सांगितला आणि शेजारच्या खोलीत जाऊन मुजावरांना फोन लावला. बिरुदेवचं नाव सांगितलं.

“त्याची बायको आली होती,” ते म्हणाले. “एकटीच. पाया पडली माझ्या. म्हणाली, नवरा ऐकत नाही, लहान पोरी आहेत, गाडी त्याच्याशिवाय कोण चालवणार. मला वाटलं, त्याच्याही मनात तेच असेल. बोलता येत नसेल.”

“तुम्हाला वाटलं?”

“ताई, ती फार रडत होती.”

“तो पण रडला असता, डॉक्टर. तुम्ही त्याला विचारलं असतंत तर.”

 त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. म्हातारा, धाप लागलेला श्वास. संज्योतनं फोन बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

खरं सांगितलं तर हा माणूस घरी जाऊन काय करील, हे तिला माहीत नव्हतं. त्या घरात एक बाई होती, दोन मुली होत्या. खरं नाही सांगितलं तर तो जन्मभर स्वतःच्या रक्ताकडे संशयानं बघणार होता. आणि त्या खऱ्याच्या पोटात आणखी शेकडो घरं होती, एक सांगलीतलं.

ती परत आली. बिरुदेवनं चहाला हात लावला नव्हता.

“तुमच्यात काही खोट नाही,” ती म्हणाली. “तुमच्या मुलींतही येणार नाही. लहानपणच्या आजाराचा काही संबंध नाही. हे मी लिहून देते, आईला दाखवा.”

“मग जुळलं का न्हाई?”

“कधीकधी जुळत नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “म्हंजे म्या दिली असती.”

“हो. तुम्ही दिली असती.”

तेवढ्यानं त्याचा धीर सुटला. टेबलावर डोकं टेकून तो मोठ्यानं रडू लागला. संज्योत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.  जाताना त्यानं दारातून मागं वळून विचारलं, एकदा पुन्हा तपासून बघता का, मनाच्या समाधानासाठी. भावाच्या पेशी हॉस्पिटलात ठेवलेल्या हैत म्हणतात. तिनं हो म्हटलं आणि त्याचं रक्त ठेवून घेतलं.

मायाप्पाच्या गोठवलेल्या पेशी मिरजेहून आल्या. त्याच्या दंडातल्या वाटाण्यात शिकून निघालेले सैनिक त्यांत होते. संज्योतनं स्वतः त्या उबेत आणल्या आणि धाकट्या भावाच्या पेशींशेजारी सोडल्या. मग ती रोज येऊन बघत राहिली. आठवडा उलटला. थोरल्याच्या लाल पेशी धाकट्याच्या हिरव्यांना चिकटून स्वस्थ होत्या, काही नव्यानं वाढतही होत्या. ज्या माणसाच्या त्या लाल पेशी होत्या त्याची राख कधीच माणगंगेत गेली होती.

तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला, आटपाडीला पाठवायचा कागद पुढं ओढला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: पुन्हा तपासणी केली. जुळत नाही.